काटकसर : पायाची की चौकाची?

हलकी, विजेवर चालणारी मोटार कमीत कमी विजेत कशी हाकावी, याचे गणित आता रस्त्यावर न उतरता संगणकापुढे बसून मांडता येते. त्याला सिम्युलेशन म्हणतात. संगणकातली गाडी, संगणकातला रस्ता आणि संगणकातलाच चालक. त्या चालकाला हजार तऱ्हांनी गाडी चालवायला लावायची आणि कोणत्या तऱ्हेत सर्वांत कमी वीज लागली ते पाहायचे. हा विषय कला शाखेच्या वार्षिकांकात कशासाठी, अशी पृच्छा संपादक मंडळातील एका सभासदाने केलीच. माझे उत्तर असे की, या गणितातली गाडी अभियंत्यांनी चोख मांडलेली असते, चालकही मांडलेला असतो. रस्ता मात्र बहुधा कुठला तरी परका, सपाट आणि निर्मनुष्य असतो. आमचा रस्ता म्हणजे आधी माणसे आणि मग डांबर. माणसांचा विषय निघाला की कला शाखेला बोलण्याचा अधिकार आहे, असे मी समजते.

मी खडकवासल्याची. आमचे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. पण गावाची ओळख अजून धरण, प्रबोधिनी आणि रविवारी चौपाटीवर मिळणारे भाजलेले कणीस अशीच आहे. याच गावात आणखी एक संस्था आहे, तिच्याकडे सहलीला कोणी जात नाही. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेल्या कामातून ती वाढली. नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करायच्या, त्यांतून पाणी सोडायचे आणि खऱ्या नदीत काय घडेल ते आधीच पाहायचे, हे तिचे काम. म्हणजे सिम्युलेशन हा शब्द पुण्यातल्या महाविद्यालयांत पोहोचला त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या गावात सिम्युलेशन चालू होते. संगणकात नव्हे, सिमेंट, वाळू आणि पाण्यात.

या प्रतिकृतींची एक शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. नदी शंभर पट लहान केली म्हणून सगळेच शंभर पट लहान होत नाही. पाण्याचा वेग दहा पटच कमी होतो आणि खऱ्या नदीतले दहा तास प्रतिकृतीत एका तासात उरकतात. घर्षण तर या नियमालाही जुमानत नाही. म्हणून प्रतिकृती तयार झाली की तिला लगेच भविष्य विचारायचे नसते. आधी भूतकाळ विचारायचा. अमुक साली एवढे पाणी आले होते, तेव्हा पातळी कुठवर चढली? प्रतिकृतीत तेवढ्या मापाचे पाणी सोडायचे. पातळी जुळली नाही तर तळ कमीजास्त खरबरीत करायचा आणि पुन्हा सोडायचे. घडून गेलेला पूर जी प्रतिकृती बरोबर सांगते, तिलाच न घडलेल्या पुराबद्दल बोलण्याची मुभा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पाठोपाठ आमचे खडकवासल्याचे धरणही फुटले. पाणी कुठवर आले होते ते जुन्या पुण्यातली वडीलधारी माणसे आजही भिंतीवर हात ठेवून दाखवतात. प्रतिकृतीची परीक्षा घ्यायची ती अशा खुणांवर.

आता मोटारीकडे वळू. गाडीला अडवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. टायर रस्त्यावर दबतात त्याचा विरोध, हवेचा विरोध, चढ, आणि दर वेळी थांबून पुन्हा वेग घेण्याचा खर्च. गणित कळावे म्हणून गाडी आणि माणसे मिळून ८०० किलो वजन धरू. टायरचा विरोध चांगल्या रस्त्यावर वजनाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका असतो. त्या हिशेबाने एका किलोमीटरला ०.०२२ युनिट वीज जाते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलातलेच युनिट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० किलोमीटरला तो लहान गाडीत जवळजवळ टायरइतका असतो, ७० ला दुप्पट होतो आणि ३० ला एक तृतीयांशाहून थोडा अधिक उरतो. आणि शून्यापासून ताशी ५० चा वेग घ्यायला लागतात ०.०२१ युनिट. म्हणजे एकदा थांबून पुन्हा वेग घेणे हे टायरच्या हिशेबाने एक किलोमीटर जास्त चालण्यासारखे आहे. हा एक आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

विजेच्या गाडीत ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत जाते, मग थांबण्याचा तोटा कसला, असे पुष्कळांना वाटते. परंतु ही वीज बॅटरीतून मोटरमध्ये, मोटरमधून चाकात आणि पुन्हा त्याच वाटेने परत अशी फिरते आणि दर टप्प्यावर थोडी गळते. पुन्हा वेग घेताना साठ-पासष्ट टक्के हाती लागली तरी पुष्कळ झाले. त्यापेक्षा पुढे थांबायचे आहे हे दिसताच आधीच पाय उचलावा आणि गाडी नुसती वाहू द्यावी, हे अधिक शहाणपणाचे. मोकळ्या सपाट रस्त्यावर तर जवळजवळ एकाच वेगाने जाणे सर्वांत स्वस्त पडते. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून डार्विन ते अॅडलेड अशी सुमारे ३००० किलोमीटरची सौर मोटारींची शर्यत होते. तिच्यासाठी तिथल्या गणितज्ञांनी बराच खल केला, आणि निष्कर्ष मुख्यतः हाच निघाला की वेग धरून ठेवा. आमच्या आजीनेही हे सांगितले असते. मात्र किती वेग धरायचा ते तिला सांगता आले नसते.

ते सांगण्याची एक सुरेख रीत आहे. लहानपणी मासिकांतून 'सशाला गाजरापर्यंत पोहोचवा' अशी चक्रव्यूहाची कोडी येत. हुशार मुले ते कोडे गाजराकडून सोडवीत. रिचर्ड बेलमन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० च्या दशकात हीच युक्ती शास्त्रशुद्ध केली. रस्त्याचे पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे पाडायचे. शेवटच्या तुकड्यात कोणत्या वेगाने शिरले तर किती वीज लागेल ते मांडायचे, मग त्याच्या अलीकडचा तुकडा, मग त्याच्या अलीकडचा. सुरुवातीला पोहोचेपर्यंत सर्वांत स्वस्त वाट आपोआप हाती येते. सगळ्या वाटा मोजत बसावे लागत नाही.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील माझ्या परिचयाच्या मुलांनी असे गणित केले आहे. कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर जाण्याच्या स्पर्धा असतात. शेल कंपनीची इको-मॅरेथॉन त्यांत नावाजलेली, ती १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झाली. तशा स्पर्धेसाठी या मुलांनी एका माणसाची गाडी आणि तिचे सिम्युलेशन तयार केले होते. काम खरोखर देखणे होते. पडद्यावर वेगाची रेघ संथ चढत होती, उतरत होती. मी विचारले, "हीच गाडी खडकवासला ते स्वारगेट चालवून दाखवता का?" सगळे हसले. एकजण म्हणाला, "अगं, त्या रस्त्याचे मॉडेल कोण करणार?"

वाचक मित्रहो, माझी तक्रार नेमकी या हसण्याबद्दल आहे.

वर धरलेली ८०० किलोची गाडी ताशी ४० च्या वेगावरून नुसती सोडून दिली, तर सपाट रस्त्यावर ती सुमारे अर्धा किलोमीटर वाहत जाऊन थांबेल. सिम्युलेशनमधला आदर्श चालक हेच करील. लाल दिवा दूर दिसला की पाय उचलून निवांत बसेल. आता हा आदर्श पुरुष सिंहगड रस्त्यावर आणून बसवा. मी ज्या बसने महाविद्यालयात येते तिच्या चालकांना मी एकदा हे विचारले. ते म्हणाले, "पोरी, गाडी हलकी सोडून चालवावी हे मला तू सांगायला नको. पण पुढं जागा सोडली की तीन दुचाक्या त्यात घुसतात. मग ब्रेक मारावाच लागतो. मागनं हॉर्न वाजतात ते वेगळंच." या चार वाक्यांत त्या सिम्युलेशनमध्ये काय नव्हते ते सर्व आले. काटकसरीला पुढची मोकळी जागा लागते, आणि पुण्याच्या रस्त्यावर मोकळी जागा ही कोणा एकाची राहत नाही.

किरकटवाडी फाटा, नांदेड फाटा, धायरी फाटा, वडगाव, हिंगणे, विठ्ठलवाडी, राजाराम पूल, दांडेकर पूल. ही नावे मला पाढ्यासारखी पाठ आहेत. या रस्त्यावर २०२४ आणि २०२५ साली टप्प्याटप्प्याने उड्डाणपूल खुले झाले, त्याने काही चौक डोक्यावरून ओलांडता येतात. तरीही समजा, सोळा किलोमीटरच्या या प्रवासात गाडी पंचवीस वेळा थांबली आणि दर वेळी ताशी ४० पर्यंत गेली. मग नुसता वेग घेण्यावर ०.३४ युनिट खर्च झाले. सोळा किलोमीटरचा टायरचा विरोध ०.३५ युनिट. म्हणजे थांबण्याने रस्ता जणू दुप्पट लांब केला. आता प्रश्न असा की या ०.३४ पैकी चालकाच्या पायाचे किती आणि चौकाचे किती?

चालकाचा वाटा आहे, तो मी नाकारीत नाही. दोन थांब्यांत चारशे मीटर असतील आणि पुढचा दिवा लाल असणार हे रोजच्या सवयीने ठाऊक असेल, तर मध्ये ताशी ५० गाठण्यात काय अर्थ? ३५ ने गेले तर वेग घेण्याचा खर्च निम्म्यावर येतो. वेळ बारा सेकंद अधिक लागतो आणि तो एरवीही लाल दिव्यासमोर उभे राहण्यातच गेला असता. मोकळी जागा सोडता येत नसेल तर वेगच कमी ठेवावा, हा आमच्या रस्त्यावरचा खरा काटकसरीचा धडा. तो परदेशी सपाट धावपट्टीच्या गणितातून निघत नाही. पण दिवा केव्हा लाल होतो, एका चौकातला हिरवा दिवा संपून माणूस पुढच्या चौकात पोहोचतो तेव्हा तिथे काय असते, रिक्षाथांबा वळणावरच का आहे, बस रस्त्याच्या मधोमध का उभी राहते, हे काही चालकाचा उजवा पाय ठरवीत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. या रस्त्याचे सिम्युलेशन करा आणि ते दोनदा चालवा. एकदा आजचाच रस्ता ठेवून चालक आदर्श करा. दुसऱ्यांदा चालक आहे तसाच ठेवून चौकांचे दिवे एकमेकांना जुळवून घ्या. दोन्ही वेळा किती वीज वाचली ते शेजारी शेजारी मांडा. माझी अटकळ आहे की दुसरा आकडा मोठा निघेल. पण अटकळीवर लेख लिहिता येतो, रस्ता सुधारता येत नाही. आज मात्र घडते असे की पहिलाच प्रयोग होतो आणि त्यावरून चालकाला उपदेश केला जातो. आता गाड्यांतून अशी यंत्रेही बसवतात की जी चालकाने ब्रेक किती वेळा जोरात दाबला ते मोजून त्याला गुण देतात. दुचाकी आडवी आली म्हणून दाबला की झोपेत होता म्हणून, हे त्या यंत्राला कळत नाही. ज्याचा पगार त्या गुणांवर ठरायचा त्याला मात्र चांगले कळते.

गाडी विकत घेणाऱ्याचाही यात संबंध आहे. एका चार्जमध्ये गाडी किती जाईल हा जो आकडा जाहिरातीत असतो, तो प्रमाणित चाचणीतून येतो. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे, १९६६ सालची. गाडी रुळांवर उभी करून ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे पळवतात. मोटारींसाठी जे सुधारित भारतीय वेळापत्रक वापरात आले ते ११८० सेकंदांचे, आणि त्यात सर्वाधिक वेग ताशी ९०. सर्व गाड्यांना एकच फूटपट्टी लावायची तर असेच काही हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वेळापत्रकात घाट नाही आणि धायरी फाटाही नाही. पुण्याच्याच वेव्ह मोबिलिटी या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात 'ईव्हा' ही छपरावर सौर पट्ट्या असलेली छोटी मोटार मांडली. तिची सर्वांत लहान बॅटरी ९ युनिटांची आहे. मोठ्या गाडीत दोन युनिटे इकडेतिकडे झाली तर मालकाला पत्ता लागत नाही. नऊपैकी दोन गेली तर संध्याकाळी घरी पोहोचण्याचा प्रश्न येतो. हलक्या गाडीला चालवण्याची तऱ्हा जास्त भोवते ती यामुळे. आणि हलकी, स्वस्त गाडी घेणारा माणूस बहुधा कर्ज काढून घेणारा असतो.

घाटाचा उल्लेख आला आहे तर आमच्या सिंहगडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वरच्या वाहनतळापर्यंत सहाशे मीटरची चढण धरली, तर ८०० किलोंना वर उचलायलाच १.३ युनिट लागतात. सपाट रस्त्यावर ताशी ५० ने तेवढ्यात तीसएक किलोमीटर जाता आले असते. उतरताना यातले बरेच परत मिळते, पण एका अटीवर, की बॅटरीत जागा हवी. गडावर पोहोचून कोणी हौसेने बॅटरी काठोकाठ भरून घेतली, तर उतारावर परत येणारी वीज ठेवायला जागाच नाही. मग सगळा भार साध्या ब्रेकवर, आणि ते तापणार. धरण काठोकाठ भरलेले असताना वरून आलेला लोंढा सोडून देण्याखेरीज इलाज नसतो, हे खडकवासल्याच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा गडावर जाणाऱ्याने चार्जिंग खाली उतरल्यावर करावे. एवढी साधी गोष्टसुद्धा सपाट रस्त्याचे सिम्युलेशन कधी सांगणार नाही.

पुण्यात पीएमपीएमएलच्या विजेवरच्या बसगाड्या २०१९ पासून धावतात. २०२२ च्या मे महिन्यात त्या सिंहगडावरही सुरू झाल्या आणि खाजगी वाहनांना वर जाण्यास बंदी झाली. पण त्याच महिन्यात ती सेवा स्थगित करावी लागली. कल्पना उत्तम होती असे माझे मत आजही आहे. किती बसगाड्या, रविवारी किती माणसे, दर फेरीला किती वीज, चार्जिंगला केव्हा आणि कुठे उभी राहायची, वळणावर दोन बसगाड्या समोरासमोर आल्या तर कोण मागे जाणार, या सर्वांचे सिम्युलेशन करता येते. ते पुन्हा सुरू करण्याआधी केलेले लोकांपुढे मांडावे, एवढीच अपेक्षा.

एक प्रश्न अर्थशास्त्राच्या मित्रांसाठी राखून ठेवला होता. कमीत कमी वीज हाच एकमेव हेतू धरला तर संगणक सांगेल, 'अगदी सावकाश जा.' म्हणून गणितात वेळेलाही किंमत द्यावी लागते. एक मिनिट वाचवण्यासाठी किती वीज खर्च करणे परवडते, असा एक आकडा सुरुवातीलाच घालावा लागतो, आणि साऱ्या उत्तराचे सुकाणू तोच असतो. हा आकडा कोण घालतो? प्रत्येक फेरीमागे कमावणाऱ्या रिक्षावाल्याचे मिनिट, दवाखान्यात निघालेल्या बाईचे मिनिट आणि चौपाटीवर भजी खायला निघालेल्या कुटुंबाचे मिनिट एकाच किमतीचे नाही. अभियंता तिथे सोयीचा एखादा आकडा लिहितो आणि पुढे जातो. त्याला दोष का द्यावा? आम्ही त्याला दुसरा आकडा कधी दिलेलाच नाही.

'हे सारे तंत्रज्ञांवर सोपवा, कला शाखेने कविता कराव्यात' असे कोणी म्हणेल. कविता आम्ही करतोच. या अंकात त्या पुरेशा आहेत. पण प्रतिकृती तपासायची ती घडलेल्या गोष्टींवर, आणि घडलेले टिपून ठेवायला गणकयंत्र लागत नाही. वही, घड्याळ आणि चिकाटी लागते. खडकवासला ते स्वारगेट या रस्त्यावर आठवडाभर, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक चौकात गाडी किती वेळा आणि किती सेकंद थांबली, का थांबली, पुढे किती जागा होती, एवढे आमच्या वर्गातील वीस मुले-मुली टिपू शकतात. विजेची गाडी असलेले दोन-तीन प्राध्यापक आमच्या महाविद्यालयात आहेत. घरून निघताना आणि पोहोचल्यावर बॅटरीत किती वीज होती ते त्यांनी लिहून द्यावे. मग अभियांत्रिकीच्या त्या मित्रांकडे ही वही न्यावी आणि सांगावे, की आधी ही आठवड्याची वीज तुमच्या गणितातून बरोबर काढून दाखवा. जमले, तर चालकाला काय शिकवायचे आणि पालिकेला काय सांगायचे ते पुढे बोलू.

रस्त्याचे चढउतार मोजायला उंचीमापक लागेल. तो भूगोल विभागाच्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. किल्ली सरांकडे असते.

(तृतीय वर्ष कला, भूगोल)